लेकरानं शेजाऱ्याच्या टाकीचा कॉक सोडला. भरपाई कशाकशाची द्यायची?

लेकुरवाळी_लातूर · ११ मे, रात्री १०:५२

नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. दोन दिवस डोकं भणभणतंय, म्हणून सगळं सविस्तरच लिहिते.

आम्ही लातूरला भाड्यानं राहतो. मिस्टर परभणीला नोकरीला, शनिवारी रात्री येतात. मुलगा सव्वापाच वर्षांचा. शेजारी अण्णा आणि काकू, दोघं साठीच्या पुढचे. घर त्यांचं स्वतःचं, औसा तालुक्यात रान आहे. दोन्ही घरांच्या मधे कमरेएवढी भिंत, ती एका जागी ढासळलेली. त्यामुळं लेकरांची दिवसभर ये-जा तिथूनच.

त्यांच्या अंगणात विटांच्या वट्ट्यावर दोन हजार लिटरची काळी टाकी आहे. टँकर तिच्यात रिकामा करतात आणि अर्ध्या एचपीच्या मोटारीनं पाणी गच्चीवर चढवतात. टाकीच्या बुडाला एक इंची कॉक आहे, लाल दांड्याचा. लेकराच्या हातानंही फिरतो.

परवा सकाळी त्यांनी टँकर घेतला. दुपारी दोनला मोटार चालू करून दोघं साखरपुड्याला गेले, "तासाभरात येतोच" म्हणून. मी लेकराला घेऊन आडवी झाले आणि डोळा लागला. साडेतीनला जाग आली तर शेजारी लेकरू नाही. बाहेर येऊन बघते तर अण्णांच्या अंगणात नुसता चिखल, कॉक उघडा, टाकी ठणठणीत कोरडी, आणि आमचे चिरंजीव त्या पाण्यात कागदाच्या होड्या सोडायलेत. मोटारीचा घरघर आवाज येत होता. मला वाटलं ती त्यांची कायमचीच, मी हात लावला नाही. ते पाचला आले तोवर मोटारीतून धूर निघून गेला होता. ओसरीत पेरणीसाठी ठेवलेले सोयाबीनचे दोन कट्टे होते, मिळून साठ किलो. पाणी तिकडंही गेलं, कट्टे बुडाकडून भिजले.

अण्णांनी हिशोब सांगितला: टँकर ६००, मोटार २,६००, बियाणं ७,०००. एकूण १०,२००. टँकरचे सहाशे मी जागेवर दिले. बाकीचं मिस्टरांना विचारून सांगते म्हटलं, तर अण्णा भर गल्लीत म्हणाले, "लेकरू सांभाळणं होत नसेल तर बांधून ठेवा." त्या रागात मी सगळ्यांसमोर लेकराला दोन ठेवून दिल्या. ते आता त्या अंगणाकडं बघतसुद्धा नाही.

मिस्टर फोनवर म्हणतात पाच वर्षांच्या लेकराला कायदा लागत नाही, एक रुपया देऊ नको. सासूबाई म्हणतात देऊन मोकळी हो, शेजार तुटला तर रात्री-अपरात्री कोण येणार आहे. मला दोघांचंही पटतं आणि दोघांचंही पटत नाही.

कोरडवाहू · ११ मे, रात्री ११:०५

द्या पैसे. लेकरू तुमचं, नुकसान त्यांचं. ह्यात विचारायचं काय?

मांजराकाठचा · ११ मे, रात्री ११:३१

ताई, टँकरचे पैसे तुम्ही लगेच दिले हे फार बरं केलं. बाहेरगावच्या लोकांना वाटेल सहाशे रुपयांचं पाणी, त्याचं काय एवढं. पण अण्णांच्या वयाच्या लातूरकराच्या डोक्यात २०१६ अजून ताजं असतं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावली होती, कलम १४४. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. धनेगावचं धरण आटलेलं. आम्ही तेव्हा भांडी घासलेलं पाणी संडासाला वापरलं. त्या माणसाला दोन हजार लिटर मातीत जाताना बघून जे वाटलं असेल ते सहाशेत बसत नाही. तोंडातून जे निघालं ते वाईटच होतं, पण कुठून निघालं ते कळतं.

बाकी दोन आकड्यांबद्दल मात्र मला शंका आहे. उद्या सवडीनं लिहितो.

काळाकोट · १२ मे, सकाळी ८:१४

ताईंचे मिस्टर अर्धं बरोबर बोलले, म्हणून अर्ध्याचंच सांगतो.

फौजदारी बाजू: सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य गुन्हा ठरत नाही. पूर्वी भादंविचं कलम ८२ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २०. शिवाय मालमत्तेच्या नुकसानीचं जे कलम आहे (आगळीक, आता ३२४), त्याला हेतू लागतो किंवा नुकसान होणार याची जाणीव लागते. होड्या सोडणाऱ्या लेकराला कसला हेतू? तेव्हा पोलीस ठाण्याचा विषय नाही.

दिवाणी बाजू वेगळी. आपल्याकडं आई-बाप केवळ आई-बाप आहेत म्हणून लेकराच्या प्रत्येक कृत्याचे देणेकरी होत नाहीत. ते देणेकरी होतात स्वतःच्या निष्काळजीपणाबद्दल. म्हणजे धोका माहीत असून लक्ष ठेवलं नाही, किंवा लेकराच्या हाती नको ती वस्तू दिली, असं समोरच्याला सिद्ध करावं लागतं. दुपारी डोळा लागणं हा निष्काळजीपणा का, यावर दोन्ही बाजूंनी भांडता येईल. आणि समोरच्याचाही हलगर्जीपणा असेल तर तोही मोजला जातो. मोटार चालू ठेवून तीन तास बाहेर जाणं माझ्या नजरेतून सुटलेलं नाही.

पण दहा हजारांसाठी कोर्टाची पायरी चढू नका. माझा धंदा बुडवून सांगतोय. अगदीच फिसकटलं तर विधी सेवा प्राधिकरणाकडं दाखलपूर्व अर्ज करून लोकअदालतीत बसता येतं, कोर्ट फी लागत नाही.

कोरडवाहू · १२ मे, सकाळी ८:४०

वकील आले की साधी गोष्ट अवघड झालीच म्हणून समजा.

काळाकोट · १२ मे, सकाळी ८:४३

आणि ती सोडवायला पुन्हा आम्हीच लागतो.

मोटारमिस्त्री · १२ मे, दुपारी १:२०

मी बीडला मोटार बांधतो, वीस वर्षं झाली. ताई, दुसऱ्या कुणी नाही विचारलं म्हणून मी विचारतो. मोटारीत नेमकं काय गेलं? सील गेलं का वायंडिंग जळालं?

ह्या घरगुती मोटारीत पाणी हेच सीलचं थंडाई. पाणी संपलं आणि मोटार फिरत राहिली की पाच-दहा मिनिटांत सील तापून वितळतं. पुढं प्लास्टिकचा पंखा असेल तर तोही तापून फुगतो, अडकतो. पंखा अडकला की करंट वाढतो आणि मग वायंडिंग जळतं. म्हणजे कोरडी फिरून वायंडिंग जळू शकतं, पण आधी सील आणि पंखा गेलेला दिसलाच पाहिजे. सील चांगलं आणि नुसतं वायंडिंग काळं असेल तर त्या मोटारीचं दुखणं जुनं, मे महिन्यात आमच्याकडं व्होल्टेजनं अशा रोज दोन-चार येतात. मिस्त्रीला म्हणा जुनं सील दाखव. आम्ही टाकून देत नाही लगेच.

दुसरं. अर्धा एचपी मोटार गच्चीवरची हजार लिटरची टाकी तासाभरात भरते. हे लोक दोनला गेले आणि पाचला आले. लेकरानं कॉक सोडलाच नसता तर? वरची टाकी भरून सांडली असती आणि खालची रिकामी झाली की मोटार कोरडीच फिरली असती. हजार-बाराशेचं ड्राय-रनचं यंत्र बसवलं असतं तर आपोआप बंद झाली असती. मी गिऱ्हाइकाला सांगून सांगून थकलो. लोक बसवत नाहीत, मग माझ्याकडं येतात. येऊ द्या.

लेकुरवाळी_लातूर · १२ मे, दुपारी २:०६

हे डोक्यातच आलं नव्हतं! वरच्या टाकीला बॉल (टाकी भरली की पाणी बंद करणारा) नाही, दर टँकरला त्यांच्या गच्चीवरून पाणी सांडतंच. काकूच ओरडत असतात अण्णांवर.

पण मीही घरघर ऐकली आणि बंद केली नाही, हेही आहेच.

मोटारमिस्त्री · १२ मे, दुपारी २:१५

दुसऱ्याच्या मोटारीला हात लावला नाही हे बरोबरच केलं. ओल्या अंगणात तर नकोच.

बालवाडीताई · १२ मे, दुपारी ३:४८

मला पैशातलं कळत नाही, लेकरांतलं थोडं कळतं. तीस वर्षं अंगणवाडीत काढली.

पियाजे म्हणून एक स्विस मानसशास्त्रज्ञ होते. ते लहान मुलांना दोन गोष्टी सांगायचे. एका मुलानं दार उघडलं आणि दारामागचे पंधरा कप नकळत फुटले. दुसरा आई नसताना कपाटातला मुरांबा चोरून खायला चढला आणि त्याच्या हातून एक कप फुटला. जास्त वाईट कोण? लहान मुलं सांगायची, पंधरा कपवाला. का फोडले ते ती बघतच नाहीत, किती फुटले ते बघतात. मोठं होता होता हे बदलतं.

आता तुमच्या लेकराला काय दिसतंय बघा. सगळे ओरडायलेत, आईनं सगळ्यांसमोर मारलं, म्हणजे आपण फार मोठं काही फोडलंय. काय फोडलं ते त्याला कळलेलंच नसेल. पाणी वाहणं त्याच्या दृष्टीनं चांगलीच गोष्ट, पाऊस आला की आपण आनंदानं नाचतोच की. त्याला शांतपणे ती रिकामी टाकी आतून वाजवून दाखवा. टँकर येईल तेव्हा पाईप धरायला न्या.

आणि राग मानू नका, पण अण्णाही सध्या कपच मोजायलेत.

दूरदेशी · १२ मे, सायं. ६:३०

मूळची मुरूडची, सध्या जर्मनीत. इथला कायदा सांगते, तुलना म्हणून. सात वर्षांखालचं मूल नुकसानीला जबाबदार नसतं, आणि रस्त्यावरच्या वाहनांशी संबंधित अपघातात ही मर्यादा दहा वर्षांची आहे. आई-वडील देणं लागतात ते फक्त देखरेखीत कसूर झाली असेल तर. बांधकामाच्या जागी "मुलांसाठी पालक जबाबदार" अशा पाट्या सर्रास असतात, पण ते सरसकट खरं नाही. पाच-साडेपाच वर्षांचं ओळखीच्या जागी खेळत असेल तर आईनं त्याचा हात धरून बसावं अशी अपेक्षा नाही. साधारण १५ ते ३० मिनिटांनी नजर टाकावी असं कोर्टांनी म्हटलंय.

आणि इथं बहुतेक घरांत दायित्वाचा विमा असतो. लेकरानं शेजाऱ्याची काच फोडली की शेजारी आधी विचारतो, "विमा कोणता?" भांडण कंपनीच्या माथी जातं. अर्थात सात वर्षांखालच्या मुलांचा मुद्दा पॉलिसीत वेगळा घातलेला असावा लागतो, नाहीतर कंपनी म्हणते मूल जबाबदारच नाही, आम्ही कशाचे पैसे देऊ?

कोरडवाहू · १२ मे, सायं. ६:४१

अर्ध्या तासानं नजर टाका म्हणे. एक इंची कॉकमधून अर्ध्या-पाऊण तासात टाकी रिकामी होते. जर्मन आईचीही झाली असती.

दूरदेशी · १२ मे, सायं. ६:५५

अगदी हेच म्हणायचं होतं. तुम्ही रागानं म्हणालात एवढंच.

केजकर · १२ मे, रात्री ९:१०

आमच्या गावची गोष्ट. सहा-सात वर्षांपूर्वी दिवाळीत आमच्या भावकीतल्या लेकरानं बाण सोडला तो थेट शेजाऱ्याच्या कडब्याच्या गंजीवर. दीड हजार पेंढी जळाली. लेकराचं वय सहा. बाण आणून दिला होता चुलत्यानं, आणि काडी लावून देणारा आजा. भांडण असं पेटलं की गंजी बरी.

तंटामुक्ती समितीत बसलो. ती मोहीम २००७ ला सुरू झाली, बऱ्याच गावांत आता पाटीच उरलीय, पण आमच्याकडं तेव्हा अध्यक्ष भला माणूस होता. शेजारी म्हणाला पैसे नकोत, पैसे जनावरं खात नाहीत. दिवाळीत पैसे असून कडबा कुठं मिळतो? नवी ज्वारी निघायला तीन-चार महिने. मग ठरलं, कडब्याला कडबा. चुलत्याच्या गंजीतून पाचशे, आज्याच्या वाट्याच्या पाचशे, उरलेली नवी ज्वारी निघाल्यावर. लेकराच्या नावावर एक पेंढीही लावली नाही. अध्यक्ष म्हणाला, बाण ज्यानं हातात दिला त्याची गंजी.

ताई, वस्तूला वस्तू देता आली तर बघा. बियाण्याला बियाणं.

नांदेडची_वहिनी · १२ मे, रात्री ९:३४

केजकर, बाण ज्यानं दिला त्याची गंजी, हे आमच्या घरी फ्रेम करून लावते. आमच्या चौदा वर्षांच्या राजपुत्रानं वडिलांची स्कुटी घेऊन शेजाऱ्यांचं लोखंडी गेट वाकवलं. गेटचे आठ हजार दिले ते दिलेच. वर कुणीतरी दाखवलं की २०१९ पासून मोटार वाहन कायद्यात कलम १९९ अ आहे, अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला २५,००० दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तिथं "लेकरू होतं हो" चालत नाही. तेव्हापासून किल्ली ह्यांच्या उशाखाली.

जुना_जालनेकर · १३ मे, सकाळी ७:०२

सगळं वाचलं. एकच प्रश्न. सव्वापाच वर्षांचं लेकरू भर दुपारी दोन वाजता, आई झोपली असताना, एकटंच उठून कागदाच्या होड्या करून शेजाऱ्याच्या अंगणात गेलं? होड्या कुणी करून दिल्या?

लेकुरवाळी_लातूर · १३ मे, सकाळी १०:२७

हे मी मुद्दामच लिहिलं नव्हतं.

अण्णांचा नातू सुट्टीला आलाय, आठ वर्षांचा, पुण्याहून. त्या दुपारी तो घरीच होता. साखरपुड्याला यायचं नाही म्हणाला म्हणून त्याला झोपवून, दार नुसतं ओढून हे दोघं गेले होते. मी बाहेर आले तेव्हा तो घरात पळाला, त्याचे पायही चिखलानं भरलेले होते. आमचा रडत रडत म्हणाला, "दादा म्हणला फिरव." अण्णांना हे माहीत नाही. म्हणजे निदान मी सांगितलेलं नाही. काकूंना माहीत असावं असं वाटतं, त्यांनीच त्याचे पाय धुतले असणार.

का नाही सांगितलं? माझ्या लेकराला वाचवायला दुसऱ्याचं लेकरू पुढं केलं असं होईल म्हणून. शिवाय ते पोर सुट्टीपुरतं आलंय, अण्णांचा हात जड आहे.

कोरडवाहू · १३ मे, सकाळी १०:४०

ताई!!! मी तीन दिवस "द्या पैसे" म्हणून ओरडायलोय आणि तुम्ही हे आता सांगायलात? शब्द मागे. आधी अण्णांना जाऊन सांगा.

मांजराकाठचा · १३ मे, सकाळी ११:१५

मला नाही पटत. सांगितलं की गोष्ट "कुणाच्या लेकरानं केलं" यावर जाते आणि मग दहा वर्षं तिथंच राहते. लातूरच्या गल्ल्यांत अशी भांडणं मी पाहिलीत, मूळ वस्तू काय होती तेही कुणाला आठवत नाही. हिशोब करताना ताईंनी स्वतःपुरता अर्धा धरावा, बोलू नये.

नांदेडची_वहिनी · १३ मे, सकाळी ११:३२

वा! म्हणजे भर गल्लीत मार खाल्ला पाच वर्षांच्यानं आणि आठ वर्षांच्याचं नावही घ्यायचं नाही? त्या लेकराला काय कळेल यातून? आपण खरं बोललो तरी आई गप्प बसली. ताई, काकूंशी बोला. अण्णांशी नको, काकूंशी. बायकांत मिटेल.

काळाकोट · १३ मे, दुपारी १२:१०

माहितीसाठी, सात ते बारा या वयात कायदा वेगळं बघतो (कलम २१). आपल्या कृत्याचं स्वरूप आणि परिणाम कळण्याइतकी समज त्या मुलाला आली होती का, हे पाहिलं जातं. पाण्याशी खेळण्यात ते बघायची वेळ कुणावर येऊ नये. पण दिवाणी नजरेनं चित्र बदललं. आता दोन घरांची देखरेख कमी पडली आणि एका घरानं मोटारही चालू ठेवली. पूर्ण १०,२०० मागायला अण्णांना जागा उरत नाही. सांगायचं की नाही हा कायद्याचा प्रश्न नव्हे, त्यात मी पडत नाही.

सोयाबीनवाला_हिंगोली · १३ मे, दुपारी ४:५५

सगळे मोटारीमागं लागलेत. मोठा आकडा बियाण्याचा आहे, सात हजार. त्याचं बघा.

साठ किलोचे सात हजार कसे झाले? दुकानात तीस किलोची पिशवी आमच्याकडं तीन हजारांच्या घरात आहे. म्हणजे सगळं बियाणं नवं घेतलं तरी सहा. आणि धान्य म्हणून बघाल तर २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ क्विंटलला, साठ किलोचे झाले सव्वातीन हजारांच्या आत. घरचं बियाणं ह्या दोन आकड्यांच्या मधे कुठंतरी.

पण त्याआधी बियाणं गेलंय का ते तर बघा! कट्टे बुडाकडून भिजले म्हणालात, म्हणजे वरचं कोरडं असणार. आजच्या आज कट्टे सोडा. फुगलेलं, साल सुरकुतलेलं बी वेगळं आणि कोरडं वेगळं, मिसळू देऊ नका. सावलीत पातळ पसरा. उन्हात टाकू नका, सोयाबीनची साल पातळ, पटकन तडकते, पोतं आपटलं तरी उगवण कमी होते. मग दोन्हींतून न निवडता शंभर-शंभर दाणे मोजा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी लावा, गुंडाळी करा, सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सात-आठ दिवसांनी सोडून मोजा. सत्तर किंवा वर चांगले कोंब आले तर ते बियाणंच आहे, रुपया मागायचा नाही. साठ-पासष्ट आले तर बी जरा जास्त टाकून पेरता येतं. त्याखाली गेलं ते गेलं.

अण्णा शेतकरी माणूस आहेत. वकील, मिस्त्री, जर्मनी कुणाचं ऐकणार नाहीत, गोणपाटाचं ऐकतील.

केजकर · १३ मे, सायं. ५:०३

ह्याला म्हणतात पंच.

लेकुरवाळी_लातूर · १४ मे, रात्री ९:४०

काल संध्याकाळी गेले. काकूंना एकटं गाठलं. नातवाचं नाव काढलं नाही, वहिनी रागावतील, पण जमलं नाही. एवढंच म्हटलं की बियाण्याची उगवण बघून मग ठरवू या, पाणी तर मी दिलंच आहे. काकू अण्णांना हाक मारून म्हणाल्या, "ती म्हणतीय ते खरंय, न बघता सात हजार कशाचे?" अण्णा माझ्याशी बोलले नाहीत, पण कट्टे सोडले. भिजलेलं साधारण वीस किलो निघालं, कोरडं चाळीस.

मिस्त्रीदादा, जुनं सील आणलं. वितळून चिकटलंय, पंखाही अडकलेला. म्हणजे मोटार कोरडी फिरूनच गेली.

दाणे मोजायला काकूंनी दोन्ही पोरांना बसवलं. आमचा आधी उंबऱ्यातच उभा होता, मग गेला. त्याला वीसच्या पुढं नीट मोजता येत नाही, म्हणून दहा-दहाचे ढीग करत होता. करता करता आठ वर्षांचा सहज म्हणाला, "तू कॉक फिरवला तेव्हा मी म्हणलो होतो ना, जोरात फिरव." म्हणजे त्याला काही लपवायचंही नव्हतं, आठवण सांगितल्यासारखं बोलला. काकूंनी ऐकलं. माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाल्या, "ह्या ओळीत नऊच आहेत रे, एक टाक."

बालवाडीताई · १४ मे, रात्री १०:०१

टाकी वाजवून दाखवलीत का?

लेकुरवाळी_लातूर · १४ मे, रात्री १०:०४

दाखवली. त्याला आवाज एवढा आवडला की आता रोज वाजवायचीय. काय करू?

लेकुरवाळी_लातूर · २२ मे, सायं. ७:१८

गोणपाट आज सोडलं. कोरड्यातले शंभरात ७६ उगवले, भिजलेल्यातले ३१. अण्णांनी स्वतः मोजले, मग काकूंनी, मग परत अण्णांनी.

वीस किलो गेलं असं धरलं. दुकानच्या भावानं दोन हजार. भिजलेलं बी काकू जनावरांना घालणार, त्याचे पाचशे वजा, म्हणजे १,५००. मोटारीचे निम्मे १,३००. सहाशे आधी दिलेले. सगळे मिळून ३,४००. अण्णा म्हणाले, "यंदा नाही उगवलं तर सांगतो." म्हणजे जून-जुलैपर्यंत माझ्या जिवाला घोर. मिस्टर अजून म्हणतात मोटारीचे तेराशे उगीच दिले, मोटार त्यांनीच चालू सोडली होती. असेल. मी ती घरघर ऐकली होती, मला तेराशे जड वाटले नाहीत.

काल रात्री काकू भिंतीवरून साडेसहाशे रुपये देऊन गेल्या. कशाचे ते बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. अण्णांना माहीत नसावं. तेराशेचे निम्मे होतात हे मला नंतर लक्षात आलं.

अण्णा अजून माझ्याशी सरळ बोलत नाहीत. लेकराला मात्र आज टँकर आल्यावर हाक मारली, "ये रे होडीवाल्या, पाईप धर." कॉकला आता कुलूप आहे. दांड्यालाच भोक असलेला कॉक मिळतो, त्यात कुलूप अडकवायचं.

कोरडवाहू · २२ मे, सायं. ७:४९

ते साडेसहाशे परत देऊ नका.

सोयाबीनवाला_हिंगोली · २२ मे, रात्री ८:१२

७६ म्हणजे बियाणं झकास आहे. अण्णांना म्हणावं, चांगला पाऊस पडल्याशिवाय तिफण धरू नका आणि चार सेंटीमीटरच्या खाली बी टाकू नका. खोल पेरून नाही उगवलं तर ते होडीवाल्यावर घालायचं नाही.

नांदेडची_वहिनी · २२ मे, रात्री ८:३०

ते कुलूपवालं कॉक कुठल्या दुकानात मिळालं? एक इंचीचं हवंय. माझी भाची पुढच्या आठवड्यात यायलीय, वय साडेचार.